पाहणीचे मोल

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात, ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. शाकारणाऱ्याची मजुरी चुकती करताना ‘घर तर गळत नव्हते, मग पैसे कशाचे?’ असा प्रश्न कोणी शहाणा गृहस्थ विचारीत नसे. घर गळू नये म्हणूनच तर त्याला बोलावलेले असे. पावसाळा कोरडा गेला, याचा अर्थ काम नीट झाले, एवढा व्यवहार सर्वांना उमगलेला होता.

त्याच घराच्या भिंतींतून पुढे विजेच्या तारा खेळू लागल्या. परंतु हे जुने शहाणपण काही त्यांच्याबरोबर आत आले नाही. दिवा लागतो आहे, पंखा फिरतो आहे, तोवर सारे ठीक आहे, अशी आपली समजूत असते. तारतंत्र्याला निरोप जातो तो अंधार झाल्यावर, किंवा न्हाणीघरातील नळाला झिणझिण्या येऊ लागल्यावर. क्वचित एखाद्या कुटुंबाने ‘घरातील विजेची जोडणी एकदा नीट तपासून घेऊ या’ असे मनात आणलेच, तर पहिला अडथळा उभा राहतो तो दराचा. एकजण पाचशे रुपये सांगतो, दुसरा दोन हजार. तिसरा म्हणतो, ‘पाहण्याचे पैसे कसले घ्यावयाचे? फुकट पाहून देतो.’ यांपैकी कोणाचे खरे मानावे? घरखर्चाचा विचार करणाऱ्या या सदरात आज हाच प्रश्न घ्यावयाचा आहे.

प्रश्न लहान दिसतो, पण तसा तो नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात विजेच्या धक्क्याने दगावलेल्यांची संख्या बारा हजारांहून अधिक होती. यांतील सर्वच मृत्यू घरात झालेले नाहीत. शेतातील पंप, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा, बांधकामाच्या जागा यांचाही त्यांत वाटा आहे. तथापि घरातील गिझर, पाण्याचा पंप, कूलर आणि इस्त्री यांच्यापायी घडलेल्या दुर्घटना वर्तमानपत्रांतून आपण सारेच वाचत असतो. यांतील पुष्कळ दोष असे असतात, की ते शोधून काढावयास अर्ध्या दिवसाचे काम पुरते.

तीन शब्द, तीन कामे

सरकारी नियमांचा मराठी अनुवाद करताना तीन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावे लागतात : तपासणी, चाचणी आणि दुरुस्ती. तपासणी म्हणजे जाणत्या डोळ्यांनी पाहणे. चाचणी म्हणजे उपकरण लावून मोजणे. आणि दुरुस्ती म्हणजे सापडलेला दोष काढून टाकणे. नियमांच्या भाषेत ही तीन कामे निराळी आहेत. घरातल्या भाषेत मात्र या तिघांना मिळून एकच नाव आहे : ‘वायरमनला बोलावणे’. दराविषयीचा सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. गिऱ्हाइकाला वाटते की आपण दुरुस्तीचे पैसे देतो, आणि पाहणे-मोजणे हे त्या दुरुस्तीच्या पोटात आलेच. म्हणून दुरुस्ती निघाली नाही तर पैसे देणे त्याच्या जिवावर येते.

पाहणाऱ्याला पाहावयाचे असते तरी काय? प्रथम तो मीटरजवळचा मुख्य स्विच, वितरण पेटी, सांधे, प्लग व सॉकेट डोळ्यांखाली घालतो. सॉकेटच्या कडेचा पिवळट-तपकिरी डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, छतावरच्या पंख्याच्या तारेचा उघडा सांधा या गोष्टी त्याला बोलून दाखवितात. त्यानंतर मुख्य स्विच बंद करून तो मेगर नावाचे उपकरण लावतो. ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांचे आवरण कितपत शाबूत आहे हे त्यावर मोजता येते. घरगुती दाबाच्या जोडणीत हा रोध एक मेगओहमहून कमी असू नये, असा दंडक आहे. ही चाचणी करताना दिवे आणि उपकरणे जोडणीतून सोडवावी लागतात, म्हणून तिला वेळ लागतो. पुढे प्रत्येक स्विच जिवंत तारेवरच बसविला आहे ना, हे तो पाहतो. कारण स्विच चुकून न्यूट्रलवर बसविला असेल, तर दिवा विझल्यावरही त्याच्या होल्डरमध्ये वीज उभीच असते. मग अर्थिंगची तार प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपासून थेट जमिनीतील पट्टीपर्यंत अखंड आहे की मध्येच कोठे तुटली आहे, याची चाचणी होते. सॉकेटला तीन भोके असणे आणि त्यांतील वरच्या भोकामागे खरोखरीच तार असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि हा भेद बाहेरून कोणालाही दिसत नाही.

शेवटी तो वितरण पेटीतील संरक्षक साधने पाहतो. येथे एक गैरसमज फार रूढ आहे. पेटीत एमसीबी बसविले, की माणसाला धक्का बसणार नाही, असे पुष्कळांना वाटते. एमसीबी हा तारेचा रक्षक आहे. १६ अँपिअरचा एमसीबी हा १६ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह काही काळ वाहिल्याखेरीज खाली पडत नाही. माणसाच्या रक्षणासाठी जे साधन असते, त्याला आरसीसीबी म्हणतात. बाजारात त्याला अजूनही ईएलसीबी याच जुन्या नावाने ओळखतात. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर इतकी वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली, की पुरवठा तोडतो. १६ अँपिअर हा आकडा ३० मिलिअँपिअरच्या पाचशेपटींहून मोठा आहे, एवढे ध्यानात घेतले तर दोहोंतील अंतर कळून येईल. ज्या घरात केवळ एमसीबी आहेत, त्या घरात तार जपली जाते आणि माणूस उघडा राहतो.

जुन्या घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तारजोडणी झाली, तेव्हा खोलीत ६० वॉटचा एक दिवा, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ असे. लाकडी पट्ट्यांवरून नेलेल्या त्या बारीक तारा तेवढ्यापुरत्या पुरेशा होत्या. आज त्याच घरात २००० वॉटचा गिझर लागतो. ६० वॉटच्या दिव्याला २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास वीज लागते. गिझरला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. भिंतीच्या आत हे तापणे चालू असते, आणि बाहेर आपण गरम पाण्याने स्नान करून प्रसन्न झालेले असतो.

दराचा हिशेब

आता दराकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. गाव, घर आणि काळ यांप्रमाणे ते बदलतील. हिशेबाची रीत मात्र सर्वत्र तीच राहील.

समजा, तीन खोल्यांचे घर आहे. एक पर्यवेक्षक आणि त्याचा एक मदतनीस असे दोघे येतात. जाण्यायेण्यास एक तास, तपासणी व चाचणी यांस तीन तास, आणि नंतर बसून अहवाल लिहिण्यास पर्यवेक्षकाचा एक तास. म्हणजे पर्यवेक्षकाचे पाच तास आणि मदतनिसाचे चार तास झाले. पर्यवेक्षकाला तासाचे २०० रुपये आणि मदतनिसाला १०० रुपये धरले, तर १००० आणि ४०० मिळून १४०० रुपये होतात. वाहनखर्च १५० रुपये. मेगर आणि अन्य मोजमापाची उपकरणे महाग असतात, ती झिजतात, त्यांचा खरेपणा वेळोवेळी पडताळून घ्यावा लागतो. त्यांच्यापोटी १५० रुपये. परवाना, दूरध्वनी, कागदपत्रे यांचे २०० रुपये. एकूण १९०० रुपये झाले. त्यावर दहा टक्के नफा धरला तर २०९० रुपये. ठेकेदार वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल, तर कर वेगळा.

आता पाचशे रुपयांत काम करणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. नफा सोडून दिला, तरी त्याला १४०० रुपयांची तूट येते. ही तूट कोठून तरी भरून निघालीच पाहिजे. कारण तोही प्रपंची माणूस आहे. ती भरून काढण्याचे मार्ग दोनच आहेत. एक तर तीन तासांचे काम वीस मिनिटांत उरकावे : मेगर पिशवीतून बाहेर काढावयाचा नाही, दोन-चार स्विच उघडून पाहावयाचे आणि ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून निघावयाचे. किंवा नसलेले दोष दाखवून, असलेले फुगवून, सामानाच्या विक्रीतून ती काढावयाची. फुकट पाहणाऱ्याच्या बाबतीत तर तूट १९०० रुपयांची आहे. जो फुकट पाहतो, त्याला काही तरी सापडलेच पाहिजे. तो लबाड असेल असे नाही. पण काही न सापडणे त्याला परवडणारे नसते. ज्या व्यवहारात ‘तुमचे घर सुरक्षित आहे’ हे उत्तर देणाऱ्याचे नुकसान होते, त्या व्यवहारात ते उत्तर खरे असूनही मिळण्याचा संभव कमी असतो, हे सांगावयास नकोच.

यावरून एक साधा नियम निघतो, आणि या लेखात सांगावयाचे ते एवढेच आहे : पाहण्याचे मोल वेगळे द्यावे आणि दुरुस्तीचे वेगळे. पाहणाऱ्याची मजुरी त्याला काय सापडते यावर कधीही अवलंबून ठेवू नये. वर सांगितलेले २०९० रुपये पाच वर्षांत एकदा द्यावयाचे ठरले, तर महिन्याला पस्तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत.

संशय दोन्हीकडून

हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास कठीण आहे, कारण पाहणारा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये संशय उभा असतो. नेहमी घडणारा एक संवाद पाहा.

‘वहिनी, मेन बंद करावा लागेल. दोन तास तरी.’

‘अहो भाऊ, दिवे लागताहेत ना? मग बंद कशाला करता? फ्रिजमधलं दूध नासेल. मुलाचं घरूनच ऑफिस चालू आहे.’

‘बंद केल्याशिवाय तारा मोजता येत नाहीत, वहिनी.’

‘मग एवढं मोजू नका. वरवर बघा.’

दोन तासांनी तोच तारतंत्री सांगतो, ‘बाकी चांगलं आहे; न्हाणीघरातल्या सॉकेटचा अर्थ तुटलेला आहे.’ त्यावर उत्तर येते, ‘म्हणजे काढलंतच काही तरी! तुम्ही लोक काही काढल्याशिवाय राहत नाही.’ पुढच्या घरी काहीच दोष निघत नाही. तेथे उत्तर येते, ‘काहीच निघालं नाही? मग एवढे पैसे कसले?’

दोष सापडला तर लबाड आणि न सापडला तर निरुपयोगी, अशा कात्रीत प्रामाणिक कारागीर सापडतो. पुष्कळ चांगले तारतंत्री घरगुती तपासणीचे काम घेण्याचेच टाळतात आणि इमारतींच्या नव्या जोडणीकडे वळतात, त्याचे एक कारण हे आहे. उरतात ते घाईने पाहणारे आणि फुकट पाहणारे. म्हणजे आपल्या संशयानेच आपण चांगल्या माणसांना दारातून परत धाडतो, आणि मग ‘या धंद्यात चांगली माणसे मिळत नाहीत’ असे म्हणतो.

गिऱ्हाइकाचा संशय अगदीच निराधार आहे, असेही म्हणता येणार नाही. भाजी घेताना भेंडी मोडून पाहता येते, कापड घेताना पोत चाचपता येतो. पण अर्थिंगची तार अखंड आहे की नाही, हे गृहिणीला कसे कळावे? ज्या मालाची पारख आपल्याला करता येत नाही, त्याचा भाव ठरविताना मनुष्य दोन चुका करतो : एक तर सर्वांत स्वस्त ते घेतो, किंवा शेजाऱ्याने जे घेतले ते घेतो. यांवर उपाय म्हणजे आपल्याला पारखता येतील अशा गोष्टी मागणे. काम लेखी असावे. कोणत्या खोल्या, कोणत्या चाचण्या, किती वेळ, एकूण किती रुपये, हे आधी कागदावर किंवा मोबाइलवरील संदेशात यावे. काम झाल्यावर मोजलेले आकडे लिहिलेला अहवाल मिळावा. ‘सर्व ठीक’ हे दोन शब्द म्हणजे अहवाल नव्हे. कोणत्या मंडलाचा रोध किती मेगओहम भरला, आरसीसीबी किती वेळात तुटला, हे आकडे त्यात हवेत. आपल्याला त्यांचा अर्थ लागला नाही तरी दुसऱ्या जाणकाराला लागतो, आणि आपला कागद दुसरा कोणी वाचू शकेल एवढ्या जाणिवेनेही लिहिणारा सावध राहतो.

दर दूरध्वनीवरच सांगा, असा आग्रहही गिऱ्हाइकांनी धरू नये. घर किती वर्षांचे आहे, खोल्या किती, वितरण पेट्या किती, गिझर व वातानुकूल यंत्रे किती, मागे आगीचा किंवा पाणी झिरपण्याचा प्रकार घडला आहे काय, एवढे विचारल्यावाचून जो दर सांगतो, तो घराचा दर सांगत नसून गिऱ्हाईक पकडण्याचा दर सांगतो. उलट, एवढे विचारून घेतल्यावर ठेकेदाराने सांगितलेला आकडा त्याने पाळला पाहिजे. घरात शिरल्यावर वाढणारा दर हा गिऱ्हाइकाच्या मनातील संशयाला खतपाणीच होय.

दाखला आणि जबाबदारी

आणखी एक प्रकार येथे स्पष्टपणे सांगितला पाहिजे. काही गिऱ्हाइकांना तपासणी नको असते, केवळ दाखला हवा असतो. भाडेकरू ठेवावयाचा आहे, विम्याचा किंवा संस्थेचा कागद पुरा करावयाचा आहे. तेव्हा ‘या, चहा घ्या आणि सही-शिक्का देऊन जा’ असा आग्रह होतो. अशा वेळी दिलेले पैसे तपासणीचे नसून खोट्या साक्षीचे असतात. ज्या परवानाधारकाने न पाहता सही केली, त्याचा परवाना धोक्यात येतोच; परंतु त्या कागदावर भरवसा ठेवून जे कुटुंब त्या घरात राहावयास येते, त्याचा जीव धोक्यात येतो.

घरमालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये हा विषय नेहमीच अडून बसतो. भाडेकरू म्हणतो, घर माझे नव्हे. मालक म्हणतो, वीज मी वापरत नाही. कित्येक मालकांना तर तपासणीचीच धास्ती वाटते. तारा बदलाव्या लागतील असे कोणी लिहून दिले, तर मग ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. या ठिकाणी दुसरीकडचे काही दाखले पाहण्यासारखे आहेत. इंग्लंडमध्ये २०२० पासून खाजगी भाड्याच्या घरांतील विद्युत जोडणी निदान पाच वर्षांतून एकदा तज्ज्ञाकडून तपासून घेणे मालकाला बंधनकारक आहे, आणि अहवालाची प्रत भाडेकरूला २८ दिवसांच्या आत द्यावी लागते. जपानमध्ये घरांची तपासणी चार वर्षांतून एकदा होते आणि तपासनीस घरी येतो तेव्हा कुटुंबाकडून त्याचे पैसे घेतले जात नाहीत; तो खर्च वीजपुरवठ्याच्या व्यवस्थेतूनच भागविला जातो. एके ठिकाणी मालक देतो, दुसऱ्या ठिकाणी सर्व ग्राहक मिळून देतात. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : तपासनिसाला दोष सापडला काय, न सापडला काय, त्याचे वेतन ठरलेले असते.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांत ग्राहकांच्या जोडणीची पाच वर्षांपेक्षा अधिक अंतर न ठेवता तपासणी व चाचणी व्हावी, आणि तिची फी सरकारने ठरवावी, अशी तरतूद होती. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांसारख्या किरकोळ बदलांखेरीज घरातील विद्युत काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, असाही दंडक त्यात घातला होता. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुढे २०२३ मध्ये सुरक्षेचे नवे विनियम केले. नियम आहेत, परंतु कोट्यवधी घरांच्या उंबरठ्याच्या आत जाऊन ते राबविण्याइतकी माणसे कोणत्याही राज्याच्या विद्युत निरीक्षकाकडे असणे शक्य नाही. मीटरच्या अलीकडची काळजी वीजपुरवठा करणाऱ्याने घ्यावयाची आणि मीटरच्या पुढची गृहस्थाने, अशी ही वाटणी आहे. यास्तव नियमाचा उरलेला अर्धा भाग आपल्या हाती आहे, असेच समजले पाहिजे.

काय करावे

पहिली गोष्ट, बोलावतानाच परवाना विचारावा. त्यात अपमान नाही. वैद्याच्या पाटीवर पदवी असते तशीच ही गोष्ट आहे. ज्याच्याजवळ परवाना आहे, तो तो आनंदाने दाखवितो.

दुसरी गोष्ट, पाहणारा आणि दुरुस्त करणारा शक्य तर निराळे असावेत. लहान गावात ते नेहमी जमेल असे नाही. तेथे निदान एवढे करावे, की अहवाल हातात पडून तपासणीचे पैसे चुकते झाल्यावरच दुरुस्तीचा विषय काढावा, आणि त्या अहवालावर दुसऱ्या एका ठेकेदाराचाही दर मागवावा.

तिसरी गोष्ट, अहवालातील दोषांची तीन गटांत वाटणी करून मागावी : आजच दूर केले पाहिजेत असे, काही आठवड्यांत दूर करावयाचे, आणि पुढे घराचे काम निघेल तेव्हा सुधारता येतील असे. तुटलेला अर्थ, उघडी जिवंत तार, गिझरच्या जागी जळलेले सॉकेट हे पहिल्या गटातले. जुन्या नमुन्याचा पण धडधाकट स्विच हा तिसऱ्या गटातला. जो तारतंत्री सर्वच दोष पहिल्या गटात घालतो, त्याच्या अहवालाविषयी दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे. ज्याला पहिल्या गटातला दोष दाखवूनही गृहस्थ तो दूर करीत नाही, त्या तारतंत्र्याने ते लिहून गृहस्थाची सही घेऊन ठेवावी. पुरवठा तोडणे त्याच्या अधिकारात नाही; सावध करून ठेवणे मात्र त्याच्या कर्तव्यात आहे.

चौथी गोष्ट एकत्र येण्याची. गृहनिर्माण संस्था, महिला मंडळे, बचत गट यांनी हे काम मिळून काढले तर दर न पाडताही खर्च कमी होतो. वरच्या उदाहरणात जाण्यायेण्याचा वेळ आणि वाहन यांचे मिळून ४५० रुपये होतात. एकाच इमारतीतील दोन घरे एका दिवशी तपासली, तर प्रत्येकी २२५ रुपयांची बचत होते, आणि यात कारागिराच्या मजुरीला कोठेही कात्री लागत नाही. शिवाय मीटरची खोली, जिन्यातील तारा आणि सर्वांची मिळून असलेली अर्थिंग यांकडे एरवी कोणीच पाहत नाही. त्या गोष्टीही अशा वेळी पाहिल्या जातात. इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी मराठी मंडळांच्या जुन्या वास्तू आहेत. सणासुदीला जेथे शेकडो माणसे जमतात आणि दिव्यांच्या माळा लागतात, अशा सभागृहांपासून या कामाची सुरुवात करावयास हरकत नाही.

पाचवी गोष्ट, जी आपल्याला स्वतः करता येते ती फुकट आहे. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. तुटला नाही, तर त्याच दिवशी जाणकाराला बोलवावे. बटण तुटते म्हणून अर्थिंगही चांगली आहे, असा अर्थ मात्र काढू नये. ती चाचणी निराळी. नवीन तार, प्लग, स्विच घेताना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. पावती घ्यावी. पैसे घेऊन काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या आधारे दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक सर्वांसाठी खुला आहे. परंतु ज्याच्याजवळ लेखी कागद नाही, त्याला दाद मागणेही अवघड जाते.

शेवटी दराच्या पलीकडचे एक सांगावेसे वाटते. घरातील काटकसरीचा निर्णय बहुधा घरातील कर्ता मनुष्य घेतो. तपासणी पुढल्या वर्षी करू, अर्थिंगचे काम दिवाळीनंतर पाहू, असे तो म्हणतो, आणि सकाळी कामावर जातो. दुपारी ओल्या हाताने धुलाई यंत्राचा प्लग काढते ती घरची सून असते. ओल्या फरशीवर उभे राहून भांडी घासते ती कामाला येणारी बाई असते. पावसात भिजून आल्यावर कूलरला टेकून उभे राहते ते मूल असते. पैसे ज्याने वाचविले तो एक आणि त्या बचतीची किंमत ज्याला चुकवावी लागते तो दुसरा, असा हा विलक्षण हिशेब आहे. म्हणून घरातील अन्य कोणत्याही खर्चापेक्षा या खर्चाचा विचार सर्वांना विचारात घेऊन व्हावयास हवा.

यंदा पावसाळ्यापूर्वीच्या कामांची यादी कराल, तेव्हा तीत आणखी एक ओळ वाढवा. जाणता, परवानाधारक मनुष्य बोलवा, त्याला मुख्य स्विच बंद करू द्या, आणि दोन-तीन तास पंख्यावाचून काढा. त्याने सारे मोजून पाहिले आणि ‘दोष नाही’ असे लिहून दिले, तर त्याची ठरलेली मजुरी हसतमुखाने द्या. त्या मोबदल्यात तुम्हाला काहीच मिळाले नाही, असे समजू नका. तुमचे घर सुरक्षित आहे, ही गोष्ट काल तुम्हाला वाटत होती. आज ती तुम्हाला ठाऊक आहे.